कोरडी पँट

“पोरीले कुलूप नको करू, काजल. दारूले लेकरू दिसत नाई.” शेजारच्या मंदाकाकू महिनाभरापूर्वी म्हणाल्या होत्या. काजलनं हसून विषय बदलला होता. शिकलेली बाई ती, स्वतःची युक्ती तिला पक्की वाटत होती.

आता ती नदीच्या वाटेनं धावत होती. ओढणी बाभळीत अडकली, ती तिनं तशीच सोडली. ग्रामपंचायतीचा भोंगा सांगत होता, धरणातून पाणी सोडलंय, पात्रात कोणी उतरू नये. नवरा प्रफुल्ल चार वाजता रुहीला घेऊन फिरायला गेला होता. सव्वासहा होत आले. फोन लागत नव्हता.

युक्ती साधी होती. नदीच्या अलीकडे दारूबंदी. पलीकडे जिल्हा बदलतो. तिकडं काठावरच एक जण मोहाची दारू गाळतो, आणि गावातली माणसं ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणत गुडघाभर पाण्यातून तिकडं जातात. प्रफुल्लला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा काजलनं चार वर्षांची रुही त्याच्यासोबत दिली. लेकराला घेऊन बाप काही पाण्यात उतरणार नाही. तरी तो परतला की ती आधी त्याच्या पँटला हात लावून पाहायची. रोज कोरडी. अलीकडे तो बडीशेप चघळत यायचा, ते तिला खटकायचं. पण पँट कोरडी होती, आणि काजलचा विश्वास पँटवर होता.

उतरणीवरून ती घसरतच खाली आली. अगदी तळच्या दगडावर रुही बसली होती. एकटी. गढूळ पाणी तिच्या सँडलला लागलं होतं. पलीकडच्या काठावर चारपाच माणसं हात हलवून ओरडत होती. त्यात प्रफुल्लही होता. तो काय ओरडत होता ते पाण्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

काजलनं पोरीला उचललं आणि वर येईपर्यंत मागं पाहिलं नाही. मागं तो दगड पाण्याखाली गेला.

“पाणी आलं तरी हालली काऊन नाई तू?” तिचा आवाज फाटला होता.

रुहीनं छातीशी घट्ट धरलेली घडी पुढं केली. आष्टीच्या बाजारातून काजलनंच आणलेली करडी पँट.

“पप्पा म्हणते, पँट ओली झाली का आई रागावते. मी रोज धरून बसते.”

काजलनं सवयीनं पँटला हात लावला. कोरडी होती.

आता ती भेटेल त्याला एकच विनवते, तुम्हालाही विनवेल. तुमच्या घरचं कोणी लेकराला सोबत घेऊन फिरायला गेलं असेल, तर हे वाचायचं राहू द्या. आधी जाऊन पाहा, ते लेकरू या घडीला कुठं बसलंय.