भांडणाची तयारी

"बायकोच्या ब्रशचा रंग?"

"जांभळा."

"झोपते कुठल्या कुशीवर?"

"डाव्या."

"आवडीची भाजी?"

"भरलं वांगं!" विजयसिंहनं छाती फुगवून सांगितलं.

शेजारी गवारी मोडत बसलेल्या त्याच्या आईचा, बायडाबाईंचा, हात थांबला. "वांगं?" त्या म्हणाल्या.

"तिनंच सांगितलंय, आई," म्हणून त्यानं त्यांना गप्प केलं. परीक्षेच्या वेळी घरच्यांनी मध्ये बोलू नये, असं त्याचं मत होतं.

परीक्षा घेत होते हंबीरमामा. ते पोलिसातून निवृत्त झालेले. अमेरिकेच्या वकिलातीतला साहेब आपल्या ठाण्यातल्या फौजदारासारखाच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. विजयसिंहची बायको स्वप्नाली मूळची कोडोलीची. नर्स म्हणून अमेरिकेला गेली आणि तिकडचीच नागरिक झाली. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, त्यातले जेमतेम तीन आठवडे दोघं एका घरात राहिली. त्या तीन आठवड्यांत विजयसिंहचं वजन चांगलंच वाढलं आणि त्याचं सगळं श्रेय त्यानं सुखी संसाराला देऊन टाकलं. आता शुक्रवारी मुंबईत मुलाखत होती. लग्न खरं आहे असं साहेबाला पटलं तर व्हिसा. नाही पटलं, तर आणखी किती वर्षं फोनवर संसार करायचा, ते देव जाणे. म्हणून तो रोज स्वप्नालीला फोन लावून प्रश्न विचारत होता आणि तिची उत्तरं घोकत होता. बारावीला एवढा अभ्यास केला असता तर आपण पंपांच्या दुकानात बसलो नसतो, हे त्याला स्वतःलाही मान्य होतं.

"बरं, भांडण कशावरनं होतं तुमचं?" मामांनी पुढचा प्रश्न टाकला.

"भांडण? एकदा पण न्हाय!"

मामांनी चष्मा काढला. "गेलास कामातनं! कोल्हापूरचं जोडपं, सव्वा वर्ष झालं, आन भांडण न्हाय? मी मामा असून इस्वास ठेवणार न्हाय, त्यो तर परका माणूस."

"फोनवर पावण्यागत बोलत्यात दोघं," बायडाबाईंनी भर घातली. "हवा कशी हाय, बरं हाय, ठेवू का."

विजयसिंह हादरला. आमच्यात कधी भांडण नाही, असं पेठभर सांगत हिंडलेला माणूस तो. हातात दिवस थोडे होते. त्यानं त्याच संध्याकाळी अमेरिकेला फोन लावला.

"हे बघा, मुलाखतीसाठी एक भांडण लागतंय," तो म्हणाला. "कशावर करूया? तुम्हीच सुचवा. सोपं घ्या, म्हणजे लक्षात राहील."

स्वप्नाली रात्रपाळी करून नुकतीच घरी आली होती. तिनं पायातले बूट काढून भिरकावले. मग म्हणाली, "मॅचवर करूया."

"कुठली मॅच?"

एवढं विचारायला नको होतं. इतकी वर्षं परदेशात राहूनही तिनं जपलेली शुद्ध भाषा एका दमात कोडोलीला जाऊन पोचली.

"कुठली मॅच? लगीन झाल्यावर तिसऱ्या दिवशी पेठेची फुटबॉलची मॅच म्हणून गेलतासा, ती! अंबाबाईला जायचं ठरलंतं आपलं. नवी साडी नेसून दारात हुबी हुते मी. रात्री आलासा घसा बसवून, आन मलाच म्हणालासा, गरम पाणी द्या. सव्वा वर्षात एकदा इचारलं न्हाय, तुम्ही कशा हायसा म्हणून. ब्रशचा रंग इचारताय!"

"व्वा, झकास चाललंय," विजयसिंह खुशीत म्हणाला. "जरा सावकाश बोला, पाठ करायला बरं पडंल."

फोन बंद झाला.

तिनं तो पुन्हा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मुंबईच्या गाडीत बसल्यावर विजयसिंहनं त्या दिवशीची साडी आठवून पाहिली. रंग आठवेना. मॅचमध्ये गोल कुणी घातले, ते मात्र नावानिशी आठवत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आता खरी भीती वाटत होती, आणि ती व्हिसाची नव्हती.

वकिलातीत खिडकीमागं साहेब नव्हताच, एक गोरी बाई होती. शेजारी मराठी जाणणारा दुभाषी. बाईंनी कागद चाळले, लग्नाचे फोटो पाहिले आणि विचारलं, "पत्नीशी शेवटचं काय बोलणं झालं?"

हवामान आणि तब्येत, हे उत्तर घोकून तयार होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"बोलत न्हाय ती माझ्याशी. फोन उचलत न्हाय."

"का?"

"लगीन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिला दारात सोडून मॅच बघायला गेलतो. तिच्या मनाला किती लागलं, ते मला आत्ता कळलं, बाई."

दुभाष्यानं हसू दाबत सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचा संघ जिंकला का?"

"न्हाय की. तीन-शून्यनं हरलो."

बाई मोठ्यानं हसल्या. व्हिसा मंजूर झाला.

बाहेर ठेवायला दिलेला फोन ताब्यात घेऊन त्यानं स्वप्नालीला लावला. या खेपेला तिनं लगेच उचलला; मुलाखतीचा दिवस तिच्याही ध्यानात होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. व्हिसाचं त्यानं नंतर सांगितलं.

पलीकडं ती नाक ओढत होती. "ब्रशचा रंग इचारला काय त्यांनी?"

"न्हाय."

"भाजी?"

"न्हाय. भांडणाचंच इचारलं."

"नशीब तुमचं," ती म्हणाली. "त्यातलं एक पण उत्तर खरं न्हवतं. म्हटलं, निदान वांग्याला तरी मला पकडशीला! मला वांगं बघवत न्हाय. त्या तीन आठवड्यांत माझ्या वाटणीचं समदं तुमच्याच ताटात टाकत हुते की मी!"