हिरवं ठिगळ

मुरुडच्या शाळेत छप्पन्न साली डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीबिंदू काढलेल्या मनुआजीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डोकं हललं तर डोळा जाईल, म्हणून मी दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावल्या, तरी ती मान उचलायचीच. डॉक्टर ओरडून गेले. मी शेजारी बसून विचारलं, “आजी, काय बघायचंय?” “पोऱ्या दर्यावर हाय माजा, नर्सबाय. आज यायचा हाय.” “मी बघते. कुठं बघू?” तिनं खिडकीतला वारा गालावर घेतला, लाटा ऐकल्या. “भरती लागलीय. कासा किल्ल्याच्या डाव्या अंगाला बग.” तिथं नुसतं पाणी होतं. तसं सांगणार, तेवढ्यात किल्ल्याआडून शीड बाहेर आलं. “आलं, आजी, शीड आलं!” होडी जवळ आल्याचं सांगितल्यावर तिनं विचारलं, “शिडाला ठिगळ हाय?” “आहे, हिरवं.” “माज्या लुगड्याचं.” तिनं डोकं टेकलं. पट्टी सुटेपर्यंत ते हललं नाही.