उरलेला डोळा

दिवंगत पत्नीचे एकही छायाचित्र उरले नव्हते. तिची मुद्रा स्वहस्ते रंगवता यावी, म्हणून वृद्ध गुणवंतराव लकडगंज भागातल्या एका वर्गात तैलचित्रण शिकू लागले.

अभ्यासासाठी तिथल्या शिक्षिकेने, मिनलने, त्यांना एका अभिजात व्यक्तिचित्राची प्रतिकृती करायला दिली.

चित्रातल्या त्या परक्या स्त्रीचे ओठ कॅनव्हासवर उतरले, त्या दिवसापासून त्यांना पत्नीचे ओठ आठवेनात. नाक रंगवले, तसे तिचे नाकही गेले. मग उजवा डोळा.

डाव्या डोळ्यापाशी त्यांनी कुंचला खाली ठेवला.

“एकच डोळा राहिला न, काकाजी! काहून थांबले?”

“तेवढाच उरला वं बाई माह्यापाशी.”

संध्याकाळी मिनलने वर्गाला कुलूप घातले.

सकाळी दोघांनी मिळूनच ते उघडले. कॅनव्हासवर डावा डोळा पूर्ण झाला होता. रंग अजून ओला होता.

गुणवंतरावांनी घाईघाईने डोळे मिटून पत्नीला आठवले.

मिटल्या पापण्यांआड ती परकी स्त्री बसली होती.