दुसरं रिसेप्शन

आईच्या नव्या दवाखान्याचा पहिला दिवस. दहाला पेशंट येणार आणि त्यांची यादी ज्यावर उघडायची, तो सर्व्हर हटून बसलेला! “मी आहे ना!” म्हणणाऱ्या भिंगरीनं तिसऱ्यांदा डेटाबेस इन्स्टॉल केला. पडद्यावर पुन्हा तीच ओळ: ‘रिसेप्शन-२ची जोडणी नाकारली.’

“आई, दुसरं रिसेप्शन कुठंय गं?”

“एकच सांभाळताना नाकी नऊ आलेत, बाई! दहाला पाच कमी आहेत.”

भिंगरीनं सर्व्हरची नेटवर्क केबलच उपटली. वायफाय त्या डब्याला नव्हतंच. तरी दर दहा सेकंदांनी ओळ येत राहिली. मग दर पाच सेकंदांनी.

“ये बाई ये, एकदाची!” म्हणत तिनं परवानगी देऊन टाकली.

ओळी थांबल्या. यादी उघडली. त्यात एकच नाव होतं: भिंगरी. वेळ, दहा.

या नावानं तिला फक्त आई हाक मारायची.

“आई, हे तू टाकलंस?”

हातमोजे चढवत आईनं नुसतीच मान हलवली. नाही.

तेवढ्यात पाठीमागच्या कोऱ्या भिंतीआड घंटा वाजली. आई समोरच उभी होती, तोंड मिटून. आणि भिंतीपलीकडून आईचाच आवाज आला, “भिंगरे, चल, तुझा नंबर आला.”