भोपळा झोपलाय तोवर

पडद्यावर नायिका मरत होती आणि मागच्या रांगा हसत होत्या.

पुढे लॉस एंजेलिसची बडी मंडळी बसली होती. त्यांचे रुमाल ओले झाले होते. मागे मूकबधिर शाळेची मुलं पोट धरून हसत होती. एक जण तर खुर्चीवरून घसरला. मध्ये निर्माता हायरम टॅगर्टला घाम फुटला होता.

टॅगर्टने उभी हयात लोकांना हसवण्यात घालवली होती. तोंडावर केक थापायचा, शिडीवरून पोलीस पाडायचा. या धंद्याचा पाया आपणच घातला, असं तो सांगे, आणि ते खोटंही नव्हतं. पण बडी मंडळी त्याचे चित्रपट पाहून हसत आणि त्याला जेवायला मात्र बोलवत नसत. म्हणून त्याने हा मूक शोकपट काढला. मरणाचा प्रसंग आपण स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभं राहून, रडत रडत घेतला, असं त्याने थोड्या वेळापूर्वीच महापौरांच्या बायकोला सांगितलं होतं. तिने त्याला रविवारी जेवायला बोलावलं होतं.

खेळ संपल्यावर तो भाषण करणार होता. बोलपट हे चार दिवसांचं खूळ आहे, हे त्याचं मत सगळ्यांना पाठ होतं. आज तो तेच ठासून सांगणार होता.

दिवे लागताच त्याने शाळेच्या मिस पील यांना बाहेर गाठलं. मुलांना फुकट बोलावलं त्याचं हे फळ का, मरणाऱ्या बाईला हसू नये एवढंही वळण शाळेत लावत नाहीत का, असं बरंच काही तो बोलला. बाई ओशाळल्या. शाळेत मुलांना ओठ वाचायला शिकवतात, त्या म्हणाल्या. चित्रपटही ती तशीच पाहतात.

मूकपटात नट काय बोलतात, याकडे टॅगर्टने कधी लक्ष दिलं नव्हतं. ओठ हलले की काम झालं. प्रसंगांमध्ये पडद्यावर दाखवायच्या पाट्यांवरची वाक्यं मागाहून घालायची असत.

"मरताना ती काय म्हणते?"

"जाऊ द्या ना, टॅगर्टसाहेब."

"सांगा, बाई."

"म्हणते, 'रड की लवकर, क्लेम. भोपळा घोरतोय तोवर उरकून टाकू. जागा झाला की अक्कल शिकवत बसेल, आणि वर गावभर सांगेल, सीन मी घेतला.'"

भोपळा कोण, हे टॅगर्टने विचारलं नाही. आधीच्या चित्रपटांतही असंच असतं का, एवढंच विचारलं. प्रत्येकात असतं, बाई म्हणाल्या, आणि त्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी भर घातली, "आमच्या मुलांचा भोपळ्यावर फार जीव आहे हो."

नायिकेला काढून टाकावं, तर लोक कारण विचारणार. आतून महापौर त्याचं नाव पुकारत होते.

टॅगर्ट मंचावर गेला. पहिल्या रांगेत नायिका विनी लॅश नव्या झग्यात बसली होती आणि शेजारी बसलेल्या नायकाच्या, क्लेमच्या, कानात काहीतरी सांगत होती. तिच्या ओठांकडे टॅगर्ट बराच वेळ पाहत राहिला.

"माझ्या स्टुडिओत उद्यापासून मूकपट बंद," तो म्हणाला. "यापुढे प्रत्येक नट मोठ्याने बोलेल. जगाला ऐकू जाईल असं बोलेल. आणि लिहून दिलंय तेवढंच बोलेल."

सभागृह उठून उभं राहिलं. एवढ्या वयात स्वतःचं मत बदलायला काळीज लागतं, असं महापौर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं : नटांना वाचा देणारा माणूस.