पन्हळीचं टोक

जावाच्या किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रात वागियो एकवीस वर्षं एकच काम करत होता: समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपांपुढच्या जाळीला चिकटून मेलेली मासळी खरवडून टाकायची. सहा वर्षं अर्ज करून अखेर आज पन्हळ बसली. जाळीवर अडकलेले मासे आता जिवंतच पन्हळीतून समुद्रात परत जाऊ लागले. वागियो ते बघायला तिच्या टोकाशी गेला. तिथं बगळ्यांची रांग लागली होती. घसरत येणारा प्रत्येक मासा ते टिपत होते. "यांना कुणी आमंत्रण दिलं?" तो पुटपुटला. सोबतची इंजिनिअर वेनिंग रडवेली झाली. "काका, टोक खोल पाण्यात न्यायला हवं. पुन्हा अर्ज, आणखी दोन वर्षं तरी." वागियोनं बूट काढले, बांबू घेतला आणि कण्हत कमरेएवढ्या पाण्यात शिरला. बगळे उडाले. "लिही तू अर्ज," तो म्हणाला. "तोवर मी आहे."