संदर्भ नाही

आपला ब्लॉग संशोधनात धरावा, हा ग्रंथपाल सुनंदा खैरमोडे यांचा अर्ज विद्यापीठाने मंजूर केला. आता परीक्षक यंत्र त्यांच्या कानामागच्या चिपमधून ब्लॉगचं एकेक वाक्य तपासत होतं.

“‘आई पुस्तक उघडण्याआधी पदराला हात पुसायची.’ संदर्भ?”

“अहो, मला आठवतंय ना!”

“संशोधकाच्या डोक्यात बिनसंदर्भाचं काही ठेवता येत नाही. काढतोय.”

“थांबा! माझा अर्ज मागे घेते.”

“मुदत संपली.”

त्यांनी घाईघाईने चिठ्ठीवर लिहिलं: आई, पदर, हात. कानामागे मुंग्या आल्या आणि थांबल्या.

हातातली चिठ्ठी कुठल्यातरी वाचकाची असावी, म्हणून बाईंनी ती पुस्तकांत सापडलेल्या चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकली. मग शाईची बोटं पदराला पुसली.

यंत्राने लगेच विचारलं, “ही सवय कुणाची? संदर्भ?”